जरा जुहूला थांबवा!

हसणार नसाल तरच सांगतो. आणि आधी तो चहाचा कप खाली ठेवा, अंगावर सांडेल!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. धाकटा भाऊ मधू शिकायला विलायतेला निघाला होता. मुंबईहून त्याची बोट दुपारी सुटणार. आईला त्याला एकदा डोळे भरून पाहायचं होतं, पण ती नेमकी तापानं फणफणली आणि आमची आगगाडी हुकली. मग मी छाती करून नागपूरहून बोटीच्याच दिवशी सकाळच्या विमानाची तिकिटं काढली. यवतमाळच्या कचेरीत माझा भाव काय वधारला म्हणता!

तिथंच कुणीतरी सांगितलं, मुंबईत विमानतळ दोन. सांताक्रूझ आणि जुहू. मधूची खोली जुहूजवळ. मग त्यात विचार तो काय करायचा? कळंबच्या एसटीत आपण कंडक्टरला सांगून मधेच फाट्यावर उतरतोच की! मी मधूला तार ठोकली, जुहूच्या विमानतळावर ये.

विमानात आई डोळे मिटून जप करत बसली. खाली समुद्र दिसला तसा मी उठलो आणि हवाईसुंदरीला गाठलं.

"बाई, हमको जुहूपर उतरनेका है."

"जुहू? साहब, यह जहाज तो सांताक्रूझ जाता है."

"मालूम है! ड्रायवरको बोलो, जरासा रोको. दोनच सवारी, एकच वळकटी. टाइम नहीं लगेगा!"

तिनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि पट्टा बांधला.

"काय म्हणते रे थे?" आईनं विचारलं.

"थांबत नाही म्हणते."

"मंग मधू?"

मधू तिकडे जुहूला ताटकळणार, आम्ही इकडे, आणि बोट काय कुणासाठी थांबते?

"काहून केलं रे असं? पोराचं तोंड तरी दिसन का आता मले?" आईनं माझा दंड धरला. खरं सांगतो, विमानातून उडी मारावीशी वाटली मला!

सांताक्रूझला उतरलो. आईचा हात धरून अक्षरशः पळत सुटलो. टॅक्सी कुठं? जुहू किती लांब? दिसेल त्याला विचारत दाराशी आलो, तर समोर मधू उभा! आई त्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"अबे, तू इथं कसा? माही तार नाही भेटली का तुले?"

"भेटली ना भाऊ," आईचे डोळे पुसत मधू म्हणाला. "तू जुहू लिहिलं, म्हणून तं सिधा सांताक्रूझले आलो!"