सत्यशीलाबाईंच्या टेकडीची पलीकडची बाजू

मोजणी खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून सत्यशीलाबाई देगलूरकरांनी निदान चारशे गावांचे नकाशे काढले, आणि त्यातल्या एकाही नकाशावर त्यांचं नाव नाही. त्यांचं पद होतं अनुरेखक. मोजणीदार उन्हातून फिरून मापं आणायचा, बाई टेबलाशी बसून त्यातून गाव उभं करायच्या, आणि खाली सही साहेबांची. त्या गावाचा ओढा कुठला नि पाणंद कुठली असं साहेबांना विचारलं असतं, तर त्यांनी चहा मागवला असता.

निवृत्त झाल्यावर बाई कोथरूडच्या आपल्या फ्लॅटमधून रोज सकाळी टेकडीवरच्या मारुतीला जाऊ लागल्या. टेकडीवर दोन प्रकारचे लोक येतात. काही तब्येतीसाठी आणि बाकीचे तब्येतीबद्दल बोलण्यासाठी. बाई मारुतीसाठी जायच्या, त्यामुळे त्यांचं कोणाशीच फारसं जमलं नाही, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं.

त्यांचा भाचा तेजस खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला ओरिएंटिअरिंगचं वेड. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानात लपवलेली केशरी-पांढरी निशाणं क्रमाने शोधत पळायचं, वाट कोणी दाखवायची नाही. असा तो खेळ. एका रविवारी तो पोहे खाता खाता म्हणाला,

"मावशी, हा खेळ सगळा युरोपातला. मोठी स्पर्धा तिथून क्वचित बाहेर पडते. या वेळी पुण्याला मिळू शकते. फक्त नकाशा पाहिजे."

"उपग्रहाचे फोटो असतात ना तुमच्याकडे?"

"फोटोत झाडाखालचं दिसत नाही. एकेक दगड, एकेक पायवाट लागते."

"म्हणजे चालून बघायला हवं. हे तुमच्या कंपनीला अजून कळलं नव्हतं का?"

मग तेजसने खेळाचे नियम वाचून दाखवले. बाई तोवर जांभया देत होत्या, पण एका नियमाशी त्यांनी त्याला थांबवलं. नकाशाच्या कोपऱ्यात ज्याने तो काढला त्याचं नाव छापलंच पाहिजे.

"काढणाऱ्याचं? सही कोणाची?"

"सही नसते, मावशी. साहेबच नसतो."

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाच्या पिशवीत जास्वंदीची फुलं आणि तेलाच्या बाटलीबरोबर फळीला टाचलेला कागद आला. आधी मारुतीला तेल घालायचं, मग कामाला लागायचं. चौदा महिने बाईंनी टेकडी पावलांनी मोजली. दाट झाडीला हिरवा रंग द्यायचा, जितकी दाट तितका गडद, हे तेजसने सांगितलं होतं. बाईंनी त्याचं आपलं माप ठरवलं. पदर अडकला तर फिका हिरवा, फाटला तर गडद. त्या वर्षी घाणेरीच्या जाळ्यांत त्यांच्या तीन साड्या गेल्या.

स्पर्धा मिळाली, आणि मिळाल्याबरोबर स्वागत समिती झाली. अध्यक्ष सुखदेवराव. कोथरूडहून मंडईला जायला ज्यांना ड्रायव्हर लागतो, ते दिशा शोधण्याच्या खेळाचे अध्यक्ष. पहिल्याच बैठकीत त्यांनी नकाशा उलटा धरून कौतुक केलं.

"छान झालाय, बाई. इथे आमचा फोटो घेऊ. मार्गदर्शक म्हणून."

"तिथे ओढा आहे, साहेब."

"जरा सरकवा की."

"ओढ्याला विचारून सांगते."

नंतर सुखदेवरावांचं बोट पलीकडच्या उतारावर गेलं. तिथे जुनी दगडाची खाण, पडकी विहीर, काटेरी रान, आणि पायथ्याला पत्र्याची घरं. "हा भाग कशाला काढलात? परदेशी पाहुण्यांना ही घाण दाखवायचीय का? स्पर्धा फक्त अलीकडे. तेवढाच छापा."

तेवढाच छापला. पण तेजसने घरी विचारलं, की मुळात तिकडे गेलीस कशाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "अर्धी टेकडी काढायची म्हणजे मारुतीला अर्धी प्रदक्षिणा. तो काही बोलणार नाही, पण आपल्याला माहीत असतं ना." पूर्ण टेकडीचा कागद त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला, तेलाच्या बाटलीपासून जरा लांब.

जानेवारीतल्या एका रविवारी स्पर्धा होती. गुरुवारी सकाळी जागतिक संघटनेच्या निरीक्षकबाई फिनलंडहून पाहणीला आल्या. साठीच्या, काटक, मळके बूट. सत्यशीलाबाईंना त्या बघताक्षणी आवडल्या, कारण त्यांनी पुष्पगुच्छ घेतला आणि लगेच दुसऱ्याच्या हातात दिला.

सगळे वर चढले आणि पहिल्या वळणावर थांबले. रात्रीत टेकडीचं लग्न लागलं होतं. पायवाटांच्या दोन्ही कडांना चुना ओढलेला. प्रत्येक फाट्याच्या दगडावर ऑइलपेंटचा लाल बाण. जिथे जिथे निशाण लपवायचं होतं तिथे केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि इंग्रजीत सुस्वागतम. त्यावर सुखदेवरावांचा फोटो. त्याला अखेर जागा मिळाली होती.

निरीक्षकबाईंनी एका बाणाला बोट लावून पाहिलं. रंग ओला होता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कशासाठी. तेजसने खाली मान घालून तो प्रश्न सुखदेवरावांना मराठीत सांगितला.

सुखदेवराव प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "मॅडमना सांग, आपल्या गावात आलेला पाहुणा रस्ता चुकला तर नाक कापलं जाईल आमचं. प्रत्येक पॉइंटला दोन मुली ओवाळायलाही ठेवल्यात. कोणी चुकणार नाही, आमची गॅरंटी."

तेजसने ते भाषांतर केलं. निरीक्षकबाईंनी बोटाला लागलेला रंग दगडाला पुसला. मग म्हणाल्या, न चुकण्यासाठी ही माणसं बावीस देशांतून आलेली नाहीत.

"बाण खरवडून काढू," तेजस घाईघाईने म्हणाला.

"नको, नको," सुखदेवराव म्हणाले, "आणि काढून काय? फोटो तर पहाटेच सगळ्या ग्रुपवर टाकलेत. कुठल्या झाडाशी कुठलं निशाण ते सगळं. खेळाडूंच्या हॉटेलवरही पाठवलेत, म्हणजे त्यांना कल्पना असावी."

एवढं भाषांतर झाल्यावर निरीक्षकबाईंनी वही मिटली. निशाणांच्या जागा आधी कळल्या म्हणजे ही बाजू बाद. दुसरी जागा नसेल तर स्पर्धा रद्द, आणि हा नकाशाही रद्द.

सुखदेवरावांनी वरच्या पातळीवर बोलायला फोन काढला. वरची पातळी कुठली हे टेकडीवर कोणालाच कळलं नाही. सत्यशीलाबाई नकाशाच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. 'नकाशा: सत्यशीला देगलूरकर.' चौदा महिने, तीन साड्या आणि त्याआधीची एकतीस वर्षं त्या एवढ्याशा अक्षरांत बसली होती, आणि चुन्याची बादली ती पुसायला निघाली होती. त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला, त्यावरची जास्वंदीची पाकळी झटकली आणि तेजसला म्हणाल्या, "यांना विचार, घाण चालेल का."

निरीक्षकबाईंनी कागद जमिनीवर पसरला, होकायंत्र ठेवलं, आणि खाणीकडे चालू लागल्या. सत्यशीलाबाई मागे. समिती उतारापर्यंत आली आणि बुटांकडे बघून थांबली. दोन तास त्या दोघी त्या रानात होत्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी कामापुरतं. निरीक्षकबाई कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवायच्या, सरळ चालत जायच्या, आणि तिथे माणसाएवढा दगड असायचा. पडकी विहीर होती. दोन बाभळींमधली वाट होती. एका गडद हिरव्या जागी त्या हट्टाने शिरल्या आणि बाही फाडून बाहेर आल्या. बाहीकडे बघून त्यांनी नकाशाकडे बघितलं आणि मान डोलावली. सत्यशीलाबाईंच्या मते सरकारी खात्यात असली तपासणी एकदाही झाली नव्हती.

परत आल्यावर निरीक्षकबाईंनी विचारलं, हे कोणी काढलं.

"आमच्या समितीने," सुखदेवराव म्हणाले.

तेजसने भाषांतर करताना फक्त मावशीकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी निशाणांच्या नव्या जागा निरीक्षकबाईंनी स्वतः ठरवल्या आणि समितीला सांगितल्या नाहीत. शनिवारी मंडईमागच्या हुसेनभाईंनी छापखान्याचं दार लावून घेऊन नकाशे छापले. पहिला कागद हातात देताना ते म्हणाले, "बाई, नाव जरा मोठं करू का? जागा आहे."

"नियमात जेवढं आहे तेवढंच ठेवा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. मग चष्मा लावून दोनदा वाचलं.

रविवारी अलीकडच्या बाजूला मंडप होता, गालिचा होता, दोनशे खुर्च्या होत्या, सनई होती. धावणारे तेवढे नव्हते. ते पलीकडे खाणीत घाम गाळत होते, चुकत होते, आपापल्या भाषेत नकाशाला शिव्या देत होते आणि नंतर नकाशाच बरोबर निघाला की गप्प बसत होते. पत्र्याच्या घरांतली माणसं उंबऱ्यात बसून बघत होती. कोणी ओवाळलं नाही, पण दीपाली नावाच्या एका बाईने दारात पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. आख्ख्या स्पर्धेत पाहुण्यांच्या उपयोगी पडलेलं स्वागत तेवढंच.

बक्षिसांची वेळ झाली तेव्हा सुखदेवराव प्रमुख पाहुण्यांना घेऊन टेकडी ओलांडायला निघाले. थोड्या वेळाने सत्यशीलाबाईंचा फोन वाजला.

"बाई, आम्ही नक्की कुठे आहोत?"

"ते आपण सांगायचं असतं, साहेब."

"अहो, बाणांमागून चाललोय, तर दोनदा मंडपातच आलो."

"बाण आपण मंडपाकडेच काढलेत. नकाशा आहे ना जवळ?"

"आहे. पण यात आमची टेकडी दिसत नाही."

"उलटा करून बघा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते पोहोचेपर्यंत निरीक्षकबाईंनी बक्षिसं देऊन टाकली होती. सुखदेवरावांचं भाषण झालं, ते खाणीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या बातमीत त्यांच्या अचूक नियोजनाचा उल्लेख होता. सत्यशीलाबाईंनी तो वाचला, आणि त्याच कागदावर भाजी निवडली.

त्या सकाळी नेहमीप्रमाणे त्या टेकडीवर गेल्या होत्या. मारुतीला तेल घातलं, जास्वंद वाहिली, आणि हुसेनभाईंनी दिलेला पहिला कागद नावाचा कोपरा वर येईल असा घडी करून त्याच्या पायाशी ठेवला. पुजाऱ्याने विचारलं, "हे इथेच राहू दे ना?"

"नको," म्हणत बाईंनी तो उचलून परत पिशवीत घातला. "त्याला टेकडी पाठ आहे."