जहाजाच्या मोडीतली घंटा

वाचकहो, सावरून बसा. आज सांगतो आहे ते प्रकरण अत्यंत गंभीर आहे. त्यात देव गुंतला होता, विलायत गुंतली होती आणि एक नारळही गुंतला होता. पोलिसाची नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी कुठे घंटा वाजली की मला अकोल्याचा तो कासारवाडा आठवतो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. भरलेल्या गाड्या मुंबईच्या वाटेने जात. परतताना रिकाम्या गाड्या कशाला आणायच्या, म्हणून गाडीवाले मोड, म्हणजे जुन्या धातूचे भंगार, भरून आणत. आपला कापूस नेणारी विलायती जहाजे जुनी झाली की मुंबईत मोडली जात. त्यांच्या बुडाचा तांब्याचा पत्रा आणि पितळी सामान अकोल्याच्या भट्टीत आटून त्याचे घागरी-हंडे होत. कापूस नेणारे जहाजच घागर होऊन घरी येई म्हणा ना!

त्याच हंगामात पातूरकडच्या एका देवळातली घंटा चोरीला गेली. किल्ली गुरवाकडे, म्हणून गावाने त्यालाच धरून ठाण्यात आणले. घंटा सापडली नाही तर त्याला शिक्षा होणार होती आणि पिढ्यांची देवाची सेवाही जाणार होती. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलेना. मी तिचा जबाब घेतला.

"साहेब, त्याईनं घंटा इकली असती, त मीच त्याईले घराबाहेर काढलं असतं," ती म्हणाली. "तुमाले कायले तरास दिला असता?"

नवऱ्याच्या बाजूने इतका कडक जबाब मी पुन्हा ऐकला नाही.

मग एका गाडीवाल्याने खबर दिली. मोडीच्या एका व्यापाऱ्याची पोती उचलताना आत काहीतरी घणघणले होते. मी पंच घेऊन कासारवाड्यात गेलो. पोत्यांत हिरवट पडलेला पत्रा होता आणि त्याखाली घंटेच्या कडांचे तुकडे. फक्त वरचा, कडी असलेला डोक्याचा भाग शाबूत होता. त्यावर ना अक्षर, ना खूण.

शेठ जराही दचकला नाही. "जहाजावर घंटा नसते काय, साहेब? मुंबईहून आलेली हाय. इचारा कोनालेबी."

खरेच, जहाजावर घंटा असते. माझा पंचनामा तिथेच अडला. दोन घटका उलटतपासणी केली, पण शेठचे उत्तर बदलेना. तुकड्यांवरून जहाज कोणते आणि देऊळ कोणते, हे कोण सांगणार?

शेवटी मी म्हणालो, "ठीक. जहाजाची आहे ना? मग उरलेला भाग माझ्यासमोर फोडा आणि भट्टीत घाला."

शेठच्या चेहऱ्यावर हसू आले. त्याने भट्टीवरच्या कासाराला खूण केली. आयुष्यभर मोड फोडलेल्या त्या माणसाने हातोडा उचलला, घंटेकडे पाहिले आणि हातोडा खाली ठेवला. मग वहाणा काढल्या, हात जोडले आणि तो इकडेतिकडे काहीतरी शोधू लागला.

इथे वाचकांना क्षणभर थांबवतो, कारण नोकरीत शिकलेली एक गोष्ट मला इथेच सांगायची आहे. माणूस देवाची वस्तू चोरायला भीत नाही. खोटी शपथही बिनघोर घेतो. पण रीत चुकली की त्याचा हात उचलत नाही. तेव्हापासून कोणी काय सांगतो याहून, तो कशापाशी थबकतो हे मी पाहू लागलो. गुरव त्याच संध्याकाळी सुटला आणि नव्या घंटेचा खर्च शेठवर पडला, हेही इथेच सांगून टाकतो, कारण कासार बोलल्यानंतर मला बोलायचे नाही.

तर शेठ खेकसला, "थांबला कावून बे? जहाजाची घंटा हाय, मार!"

कासार गोंधळून म्हणाला, "पन शेठ, काल कडा फोडाच्या आंदी त तुमीच नारळ वाहाला होता ना? मंग आज डोक्याचा नारळ कोठी हाय?"