आत्याची दोन मिनिटे

"तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून शिरते," असे इमारतीतले लोक तिच्याबद्दल म्हणत. हे कौतुक होते की टोमणा, ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरे. तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या दारात चिंध्यांचा खच कायम पडलेला असे. ती त्या वाक्याला वर मीठमिरची लावी: "तिच्या आरशात डोकावू नका बरं, गालावरचा तीळ पुसून टाकील." समोरच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त पोस्टमनांचे म्हणणे वेगळे होते. एकट्या बाईच्या घरात घाण करणार तरी कोण, मग स्वच्छतेचे कौतुक कसले, असे ते विचारीत. हे सारे तिच्या कानावर येई. ती ऐकून घेई आणि जिन्याचा कठडा पुसत वर निघून जाई.

तिला सगळे आत्याच म्हणत. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाची मुलगी शिकण्यासाठी तिच्याकडे राहायला आली आणि जिन्यात दिवसातून चार वेळा "आत्या, किल्ली टाक" अशी हाक घुमू लागली. त्याआधी लोक तिला काय म्हणत, हे आता कोणालाही नीट आठवत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती गावाहून आली आणि एका मोठ्या हॉस्पिटलात सफाईच्या कामाला लागली. पुढची एकतीस वर्षे तिने ऑपरेशन थिएटर सांभाळले. एक पेशंट बाहेर गेला की दुसरा आत येईपर्यंत वीस मिनिटे मिळत, आणि त्या वीस मिनिटांची ती मालकीण असे. डॉक्टर हातमोजे काढून निघून जात, दिवे तसेच जळत राहत, आणि त्या पांढऱ्या उजेडात ती एकटी बादली घेऊन गुडघ्यांवर बसे. रक्त थंड पाण्यानेच पुसायचे, गरम पाण्याने डाग बसतो. बाहेरून आत पुसत यायचे, आतून बाहेर गेले तर पसरते. या दोन गोष्टी तिला कोणी शिकवल्या नव्हत्या. फरशीनेच शिकवल्या.

पहिल्याच आठवड्यात एका ट्रेमध्ये काहीतरी पाहून ती किंचाळली होती. मोठ्या सिस्टरने तिला दंडाला धरून बाहेर नेले आणि सांगितले, "हे बघ बाळ, या खोलीत ओरडायचा हक्क फक्त पेशंटला. आणि त्याला आपण आधीच झोपवलेलं असतं." त्यानंतर आत्या ओरडली नाही. एकदा दारात बोट चिमटले तेव्हा नाही, वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. तेव्हा तिने सगळे ऐकून घेतले, "बरं" म्हटले, रिसीव्हर फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला. लग्नाचे काय झाले, असे कोणी खोदून विचारलेच तर ती म्हणे, "ड्यूटी होती."

भाची मात्र अगदी दुसऱ्या धाटणीची. ती चालता चालता थांबे, बोटांची चौकट करून भिंतीवरच्या सावलीकडे बघत राही आणि उतू जाणारे दूध आत्याला दुसऱ्या खोलीतून येऊन उतरवावे लागे. ती कॉलेजात चित्रपट शिकत होती. त्या वर्षी सरांनी नऊ गटांना एकच काम दिले: गुन्हेकथेच्या चित्रपटाची सुरुवात, फक्त दोन मिनिटांची. नऊपैकी ज्या गटाची सुरुवात निवडली जाईल त्याला कॉलेज पूर्ण चित्रपट करू देणार होते. निवड दोन गोष्टींवर होणार होती. एक म्हणजे ती दोन मिनिटे, आणि दुसरी, ती कशी घडली याबद्दल मागे वळून पाहत लिहिलेले एक पान. भाचीच्या वडिलांनी आधीच बजावले होते: यंदा हातून काही घडलेले दिसले तर ठीक, नाहीतर परत येऊन शिक्षिकेच्या कोर्सला नाव घालायचे. त्यामुळे त्या दोन मिनिटांत तिचा जीव अडकला होता.

तिने लिहिलेला प्रसंग साधा होता. एक मध्यमवयीन बाई पिशवी घेऊन घरी येते, दार उघडते, टेबलाखालून वाहत आलेले रक्त तिला दिसते, हातातली पिशवी पडते, संत्री रक्तात घरंगळत जातात, बाई किंचाळते, आणि त्या किंचाळीवर चित्रपटाचे नाव येते. कॅमेरा वर्गातल्या एका उंच मुलाकडे होता; त्याला सगळे लांब्या म्हणत. आवाज टिपण्याचे काम एका मुलीकडे होते. ती दिवसभरात दहा शब्दही बोलत नसल्यामुळे तिला सगळे मुकी मैना म्हणत. जागा आत्याची पुढची खोली. बाई व्हायला शिंपीण तयार झाली होती, पण ऐन सकाळी तिने अंग काढून घेतले. "मला बाई रक्त बघवत नाही. खोटं असलं तरी डोळ्यांना कुठं कळतं?"

"मग आत्या आहेत ना," लांब्या म्हणाला. "त्यांना रक्ताची सवय आहे."

तिघांनाही ही मोठी सोय वाटली. चूक नेमकी तिथे झाली, पण ती त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

रक्त साखरेच्या पाकात लाल रंग आणि चिमूटभर कोको घालून केले होते. आत्याने वाटीत डोकावून पाहिले आणि मान हलवली. "हे फार आनंदी दिसतंय. रक्त असं चमकत नाही, आणि कडेनं आधी काळं पडतं." पाक फरशीवर ओतल्यावर तिने स्वतः बोटाच्या टोकाने कोकोची पूड थारोळ्याच्या कडेला फिरवली. मुकी मैना दोन पावले मागे सरकली.

खिडक्यांना काळे कागद लावले होते. एका कागदात बोटभर रुंदीची फट ठेवली होती. तिच्यातून उन्हाची एक पट्टी खोलीत शिरत होती आणि फरशीवरून, कोणाला कळणार नाही इतक्या हळू, टेबलाच्या दिशेने सरकत होती. साडेतीनच्या सुमारास ती रक्तावर येणार, फार तर दहा मिनिटे थांबणार, आणि मग भिंतीवर चढून दिवसाबरोबर निघून जाणार. कॅमेरा सहाच्या आत कॉलेजात परत द्यायचा होता. म्हणजे जे व्हायचे ते त्या पट्टीच्या मेहरबानीनेच होणार होते.

तोवर त्यांनी सराव करून पाहिला. पहिल्या वेळी आत्याने रक्त पाहिले आणि वाचनालयात बोलावे तशी "अगंबाई" म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने तोंड उघडले, पण आवाज आलाच नाही.

"आत्या, दाताच्या डॉक्टरकडे आलोय का आपण?" लांब्याने विचारले.

"तुला किंचाळीच पाहिजे ना? मग खालची शिंपीण धरून आण. तिला सुई टोचली तरी गच्चीवर ऐकू येतं."

"आत्या, प्लीज," भाची म्हणाली. "फक्त एकदा. समजा, तुझ्या घरात हे तुला खरंच दिसलं तर?"

"बरं," आत्या म्हणाली आणि पिशवी घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मग ती पट्टी आली. पुढे किती तरी दिवस भाचीला ती दुपार स्वप्नासारखी आठवत राहिली, आणि त्यात आपण नक्की कुठे उभ्या होतो हे तिला आठवेना. हवेतले धुळीचे कण त्या एका पट्टीत सोन्याच्या भुग्यासारखे तरंगत होते आणि पट्टीबाहेर जणू नव्हतेच. दार उघडले. आत्या आत आली. तिने रक्त पाहिले. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त झोपेतून उठल्यावर माणसाला आपण कुठे आहोत हे आठवावे, तसे काहीसे तिच्या डोळ्यांत झाले. तिने पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, एकही संत्रे पडणार नाही अशी. मग ती मोरीत गेली. बादलीत पाणी पडू लागले. आधी पोकळ आवाज, मग भरीव. ती बादली घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि बाहेरून आत पुसू लागली.

भाचीने "कट" म्हणायला तोंड उघडले, ते तसेच राहिले. त्या हातांना घाई नव्हती. फडके फरशीवर पसरायचे, कडा मुडपायच्या, अर्धवर्तुळ काढून आत ओढायचे, उचलायचे, पिळायचे; बादलीतले पाणी आधी गुलाबी, मग मावळतीच्या ढगासारखे. या हातांनी आपल्याला जेवू घातले, केस विंचरून दिले, आणि तरी हे आपण आज पहिल्यांदाच पाहतो आहोत, असे तिला वाटत राहिले. लांब्या हातात धरलेल्या कॅमेऱ्यासकट हळूहळू खाली वाकत गेला. मुक्या मैनेने माइकची काठी बादलीवर नेऊन धरली. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते. फरशी कोरडी झाली. आत्याने फडके दोरीवर ताणून घातले, कोपरापर्यंत हात धुतले आणि डॉक्टर करतात तसे ते वर धरून निथळू दिले.

मग ती वळली. "झालं?"

उन्हाची पट्टी भिंतीवर चढली होती.

"आत्या! ते पुसायचं नव्हतं!"

"मग सांडलं कशाला?"

वाटीतला पाक संपला होता, ऊन गेले होते, आणि कॅमेरा सहाच्या आत परत पोचवायचा होता. भाची मोरीत जाऊन रडली. आत्या दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "उद्या परत सांडू हवं तर. मी हात मागं बांधून घेते." पण उद्या कॅमेरा दुसऱ्या गटाचा होता.

संकलनाच्या खोलीत तिच्यासमोर उरले ते एवढेच. तिने ते उलटसुलट पाहिले. एकदा चुकून उलट्या दिशेने चालले, तेव्हा पडद्यावर आत्या कोरड्या फरशीवर फडके ठेवी आणि ते उचलले की खाली रक्त येई. हळूच, निगुतीने, ती घरभर रक्त मांडत होती. भाचीने घाईघाईने ते थांबवले. तिने फिल्म सरळ केली, किंचाळीची जागा रिकामी सोडली आणि नाव शेवटी, बादलीच्या पाण्यावर आणले.

वर्गात ती दोन मिनिटे संपली तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने पाय उचलून वर घेतले होते. सरांनी शेवटचे दृश्य पुन्हा एकदा लावायला सांगितले. मग म्हणाले, "ही बाई पहिल्यांदा पुसत नाहीये. ही सराईत आहे." आणि भाचीकडे वळून, "किंचाळी काढून टाकायचं धाडस कुठून आलं तुला? आधीपासून ठरवलेलं होतंस ना?"

"हो, सर," ती म्हणाली.

तो एक "हो" तिच्या मागे मागे घरापर्यंत आला. रविवारी सकाळी ती त्याच टेबलापाशी ते एक पान लिहायला बसली. "प्रेक्षकाच्या अपेक्षेला छेद देण्याचे आम्ही प्रथमपासून योजले होते," हे वाक्य तिने चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. वाईट हे, की लिहिता लिहिता ते खरे वाटू लागले होते. आपण आत्याला मुद्दामच निवडले, मुद्दामच थांबवले नाही, असे तिला हळूहळू आठवूही लागले होते. आणि दुसरी भीती अशी की आत्याने अजून ती फिल्म पाहिलेली नव्हती. आयुष्यभर जिने दुसऱ्यांचे रक्त मुकाट पुसले, तिला आपण वर्गासमोर खुनी करून ठेवले. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

"कागदाला भोक पडेल," समोर बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालीत असलेली आत्या म्हणाली. "काय अडलंय?"

भाचीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आत्याने चष्मा पदराने पुसला, डोळ्यांना लावला आणि पाहू लागली. तिने ते एकदा पाहिले, मग "परत लाव" म्हणाली आणि पुन्हा पाहिले. दुसऱ्या वेळी तिची बोटे मांडीवर किंचित हलत होती.

"अशी दिसते होय मी," ती स्वतःशीच म्हणाली.

"आत्या, सगळ्यांना वाटलं, खून तूच केलास."

आत्याने जरा विचार केला. "कुणाचा?"

"ते अजून ठरलं नाही."

"ठरवून ठेव. शिंपीण विचारेल."

भाचीला हसू आले आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी. मग तिने सगळे सांगून टाकले: सरांचा प्रश्न, तो "हो", बाबांची अट, चार वेळा खोडलेले वाक्य. "खरं लिहिलं तर म्हणतील, हिनं काही केलंच नाही, आपोआप झालं. दुसऱ्या गटाला देऊन टाकतील. खोटं लिहिलं तर सर मान डोलावतील. आता तूच सांग, मी काय लिहू?"

आत्याने टाक्याची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली:

"लिही की आत्याला किंचाळता येत नाही आणि तुला 'कट' म्हणवलं नाही. यात पानभर लिहिण्यासारखं काय आहे?"