तिसरं कडवं

शांतवनभाऊ डोळे मिटून गायचा. हार्मोनियमवर बोटं पडली की पापण्या मिटायच्या, त्या गाणं संपून लोकांचं 'आमेन' ऐकू आल्यावरच उघडायच्या. शेजारी ढोलकी घेऊन बसलेला मी मात्र सगळं बघत असायचो. त्यामुळे त्याला जे अकरा वर्षं दिसलं नाही, ते मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. आज लिहायला बसलोय ते बहुधा त्याच टोचणीने.

साठच्या दशकात आम्ही दोघं वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होतो. मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या लिहायचो, तो ट्रकमधून उतरलेला माल तपासायचा. तो ख्रिस्ती, आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. मला देवाशी काही घेणं-देणं नव्हतं, ढोलकीचं वेड मात्र भारी. जेवणाच्या सुट्टीत तो रद्द बिल्ट्यांच्या पाठीवर गाणी लिहायचा आणि मी खोक्यावर ठेका धरायचो. एक दिवस म्हणाला, "वामन, रविवारी सुवार्तेच्या सभेले येतं का गा? तू फक्त ताल सोडू नको, बाकी येशू पाहून घेईल." पुढे प्रत्येक सभेआधी तो हे वाक्य म्हणायचाच. येशूपेक्षा माझ्यावरच जास्त भार टाकतो, असं मी त्याला चिडवायचो.

लग्नानंतरची काही वर्षं शांतवनभाऊ बेदम प्यायचा. एका रविवारी भर दुपारी त्याने बसायचा पाट उचलून बायकोला मारला. मार्थावहिनींचं डावं मनगट मोडलं, आणि जुळलं तेही वाकडंच. त्या दिवसापासून त्याने दारू सोडली आणि एक गाणं केलं. त्यांच्यात सभेत उभं राहून आपलं पाप आणि नंतर झालेला पालट सगळ्यांसमोर सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. हे गाणं ही त्याची साक्ष. त्याचं तिसरं कडवं असं होतं :

दारूच्या धुंदीत उचलला पाट,
मोडला मी माझ्या मार्थेचा हात;
तुझ्या हातावरले खिळे पाहिले,
येशू, माझे डोळे वाहिले.

गाणं अस्सल होतं, यात शंका नाही. कन्हानकडचे खाणीतले दांडगे गडी हे कडवं ऐकून लेकरांसारखे रडायचे. एकाने तर भर सभेत खिशातली बाटली काढून फोडली, आणि तो पुढे खरोखरच सुधारला. गावोगावची बोलावणी येऊ लागली. त्यात एक ओळ ठरलेली असायची, सोबत वहिनींनाही आणावं.

वहिनींना पहिल्या रांगेत बसवायचे. तिसरं कडवं लागलं की मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळायच्या आणि वहिनी डावा हात हळूच पदराखाली घ्यायच्या. मी ते पाहायचो आणि वाजवत राहायचो. एकदा त्यांच्या घरी चहा घेताना मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही येत जाऊ नका ना."

"नाही गेली त लोक म्हणतीन, हिनं माफ नाही केलं वाटते," त्या म्हणाल्या. "माफ त मी त्याच हप्त्यात केलं, भाऊजी. पण लोकायले दर खेपेले हात पाहाचा राह्यते."

"मग शांतवनभाऊला सांगा की."

"त्या गाण्यानं यायले धरून ठेवलं आहे. गाणं सोडलं आन् पुन्हा पेले, त?"

चहा संपवून मी उठलो.

मग कन्हानची ती दुपारची सभा झाली. तिसरं कडवं चालू असताना भोंगा अचानक कर्कश किंचाळला आणि शांतवनभाऊचे डोळे उघडले. समोर एका म्हातारीने वहिनींचा हात पदराखालून ओढून काढला होता आणि मोठ्या भक्तिभावाने ती तो आपल्या नातीला दाखवत होती. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. शांतवनभाऊ गाता गाता थांबला. मी बेअक्कल, पुढच्या चार मात्रा वाजवून मोकळा झालो.

परतताना बसमध्ये त्याने विचारलं, "तू इतकी वर्षं हे पाहून राहिला होता?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं मले?"

"ताल सुटला असता," मी म्हणालो. इतकं लाजिरवाणं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

त्याने ते गाणं त्या दिवसापासून सोडलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावलं, साक्ष दडवू नये, त्या गाण्याने कितीतरी घरं सावरली. शांतवनभाऊ म्हणाला, "पाप माह्यं होतं साहेब, ते सांगतो ना मी. पण हात तिचा आहे. तिले मी कधी इचारलंच नाही." त्याने नवी गाणी केली, चांगली केली, पण मांडवातून ओरड व्हायची ती जुन्या गाण्याचीच. तो मानेनेच नाही म्हणायचा. बघता बघता बोलावणी आटली. तो पुन्हा प्याला नाही. तरी वर्षभर तो घरी आला की वहिनी दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. तो मुकाट्याने उभा राहायचा. गाणं बंद झाल्याचं त्यांना बरं वाटत असेल असं मी धरून चाललो होतो. एकदा तसं बोललो, तर म्हणाल्या, "आता थांबून काय फायदा, भाऊजी? लोकायले पाठ झालं."

ऐंशी सालानंतर काविळीने वहिनी गेल्या. पांढरी साडी नेसवून त्यांना पेटीत ठेवलं होतं, हात छातीवर, वाकडा डावा हात वर. शांतवनभाऊ उशाशी बसला होता. चर्चमधल्या तरुण मंडळींनी प्रेमानेच, कुणाला न विचारता, त्याचं ते गाणं सुरू केलं. तो त्यांना थांबवेल असं मला वाटलं. तो थांबवू शकला नाही. माझी बोटं सवयीने मांडीवर ठेका धरू लागली, ती मी मुठीत आवळली.

तिसरं कडवं आलं. सगळ्या माना पेटीकडे वळल्या. शांतवनभाऊ उघड्या डोळ्यांनी ते बघत होता. मग तो वाकला, वहिनींच्या साडीचा पदर ओढून त्याने तो हात झाकला, आणि कडवं संपेपर्यंत पदर तसाच धरून बसला.