म्लिनार म्हणजे गिरणीवाला

ताज्या दळलेल्या तांदळाच्या पिठाचा वास आला की मला दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतली एक सुट्टीची सकाळ आठवते. अम्मी रत्नागिरीहून व्हिजिटवर आली होती आणि पाकिटातल्या पिठाच्या भाकऱ्या थापताना मोडतात म्हणून वैतागली होती. तेवढ्यात, मला रोज आपल्या गाडीतून जबल अलीला कामावर नेणारा माझा स्लोव्हाक मित्र दारात आला. तो क्रेनचा मेकॅनिक. नवा माणूस दिसला की अम्मी आधी आडनाव विचारते. त्यावरून तिला गाव, धंदा, सोयरीक सगळं कळतं. तो म्हणाला, "म्लिनार." अम्मीला काही थांग लागेना. त्यांच्या भाषेत म्लिनार म्हणजे दळण दळणारा, असं त्याने मला सांगितलं. "म्हणजे गिरणीवाला!" अम्मीचा चेहरा खुलला, आणि धुऊन वाळवलेल्या तांदळाची पिशवी तिने सरळ त्याच्या हातात दिली. "यल्ला, चल!" मी म्हटलं, "अम्मी, पाहुणा आहे तो." "पाहुणा कसला? त्याच्या घरचाच धंदा." कोपऱ्यावरच्या चक्कीत त्याने जन्मात पहिल्यांदा दळण टाकलं, खाली हात धरला, आणि गरम पीठ बोटांवर पडताच भुवयांपर्यंत पांढरा होऊन तो हसत सुटला. "माझा बाप वेल्डर, आजोबा ड्रायव्हर," तो मला म्हणाला. "इतक्या पिढ्यांनी आमच्यातलं कुणीतरी कामावर हजर झालं!" त्या दिवशी एकही भाकरी मोडली नाही. परवा मुलगी झाल्याचं सांगायला त्याचा त्याच्या गावाहून फोन आला, तर मागून अम्मी ओरडली, "विचार त्याला, पोरीला गिरणी दाखवली का?"