निळ्या खुर्चीखालची सही

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यातल्या काहींबद्दल पाठ थोपटूनही घेतली. हा तपासही कागदावर यशस्वीच आहे. तरीही त्याची आठवण मी कधी कोणाला अभिमानाने सांगितली नाही.

तेव्हा मी वणीला ठाणेदार होतो. गणपतीचे दिवस होते आणि ठाण्यातला निम्मा स्टाफ मंडळांच्या बंदोबस्तात गुंतला होता. गावातल्या एका जुन्या शाळेच्या सभागृहात त्याच सुमारास चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. नागपूरच्या एका बाईंचे दिवंगत पती याच शाळेत शिकलेले. पुढे नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं फ्रान्समध्ये राहिले आणि तिथल्या एका आधुनिक चित्रकाराच्या अकरा मूळ मुद्राचित्रांचा संग्रह त्यांनी केला. पतीच्या स्मरणार्थ ती चित्रं त्यांच्या शाळेतल्या मुलांनी एकदा पाहावीत, एवढीच बाईंची इच्छा होती. सगळी जबाबदारी शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी घेतली. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही तेच म्हणतो. निवृत्तीला त्यांचे सात-आठ महिने उरले होते.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरायला बाई आल्या, सोबत त्यांचा वकील भाचा होता. अर्ध्या तासात भाच्याचा ठाण्यात फोन आला. "एक चित्र बदललंय. खरं चोरून नक्कल लावली आहे."

मी सभागृहात गेलो. चित्रात एक निळी खुर्ची होती आणि खुर्चीवर तीन पिवळी लिंबं. माझ्यासोबतचा हवालदार कानाशी लागला. "साहेब, खुर्चीवर लिंबं ठेवलेत. हे करणीचं काम दिसून राह्यलं." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

बाईंनी मला शांतपणे समजावून सांगितलं. असं चित्र चित्रकार स्वतः दगडावर काढतो, त्यावरून मोजक्याच प्रती छापतो आणि मग दगडावरचं चित्र पुसून टाकतो. प्रत्येक प्रतीच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर तो पेन्सिलीने क्रमांक घालतो आणि सही करतो. त्यांच्या चित्रावर १९/७५ असं होतं, म्हणजे पंच्याहत्तर प्रतींपैकी एकोणिसावी. बाकी दहा चित्रांखाली सही होती. निळ्या खुर्चीखाली मात्र सही नव्हती, क्रमांक नव्हता, मुळात पट्टीच नव्हती. फ्रेमही वेगळी होती.

"हे कुठल्या तरी पुस्तकातलं कापलेलं पान आहे," भाचा चारचौघांत ओरडला. "किल्ली कोणाकडे होती?"

किल्ली मास्तरांकडे होती. ते भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. बाईंकडे पाहत त्यांनी तोंड उघडलं, पण भाच्याने चोर हा शब्द उच्चारला आणि ते तोंड मिटलं ते मिटलंच.

फिर्याद घेतली, पंचनामा केला. दाराशी प्रदर्शनापुरता कॅमेरा बसवला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी वस्तू बगलेत धरून बाहेर जाताना त्यात दिसले. संध्याकाळी तशीच वस्तू घेऊन परत येतानाही दिसले. त्यातच ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी फोन आला. "मास्तरच्या घराची झडती घ्या. थो नकला काढते." फोन कोणी केला हे पुढे मला कळलं. मत्सराने जळणारा माणूस प्रत्येक स्टाफरूममध्ये एखादा असतोच.

मी जीप काढली आणि थेट मास्तरांच्या दारात नेऊन उभी केली. त्यांच्या ओसरीवर शिकवणी चालू होती. नऊ मुलं पाट्या मांडीवर घेऊन चित्रं काढत बसली होती आणि मास्तर वाकून एकीला ब्रश धरायला शिकवत होते. आम्ही रंगांच्या डब्या ओलांडून आत गेलो. गल्ली दारादारांत उभी होती. माळ्यावर, धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली निळी खुर्ची सापडली, तीन लिंबांसकट. भाच्याने बघून सांगितलं, हे हाताने काढलेलं आहे. म्हणजे नकला करणारा हात सापडला होता. आता मूळ चित्र कोणाला विकलं तेवढंच काढायचं राहिलं होतं. मला तसंच वाटलं आणि मी मनातून खूश झालो.

नोटीस देऊन मास्तरांना ठाण्यात बोलावलं. सकाळी यायचे, संध्याकाळी घरी जायचे. दिवसभर दर्शनी बाकावर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्यांचे जुने विद्यार्थी असत. काही नमस्काराला वाकायचे आणि मध्येच थबकायचे. बाक आत हलवायला मी सांगू शकलो असतो, पण सांगितलं नाही. लाज वाटली की माणूस लवकर बोलतो, असा माझा हिशेब होता.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, भिंतीवरचं चित्र खरंच आहे. कड माझ्या हातून कापली गेली. चूक माझी. घरातलं चित्र मी सभागृहात बसून हौसेनं काढलं होतं."

"कड कशानं कापली?"

"कात्रीनं."

मी चित्राची कड भिंगाखाली पाहिली होती. पट्टी धरून ब्लेडने कापलेली होती आणि एका जागी ब्लेड घसरून लहानसा बाक आला होता. कात्रीचं ते काम नव्हतंच.

"वर्तमानपत्रात गुंडाळून काय नेलं होतं?"

"हेच चित्र. घरी नेलं होतं."

त्यांच्या बायकोने मात्र जबाबात सांगितलं होतं, की त्या दिवशी ते दिवसभर घरी आलेच नाहीत.

"आणि कापलेली पट्टी?"

"फेकली."

"मास्तर, तुम्ही चित्रकला शिकवता. चित्रकाराची सही कापून तुम्ही फेकून दिलीत?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याची बोटं बोलतात. त्यांचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता. खोटं मी पकडलं होतं. ते कशासाठी बोललं जातंय, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. तीस वर्षांची नोकरी झाली की असं होतं, खोटं सापडलं की चोर सापडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडले. "मले रविवारपर्यंत वेळ द्या साहेब. सोमवारी जे विचाराल ते सांगतो. बयान लिहून देतो."

हे ऐकून मी सावधच झालो. रविवारपर्यंत वेळ कशाला हवा? माल जिल्ह्याबाहेर जायला! मी चंद्रपूर आणि नागपूरला निरोप दिले. वरिष्ठांचा फोन आला, बाईंच्या ओळखी वरपर्यंत होत्या. "विसर्जन पार पडलं की अटक दाखवा आणि रिमांड घ्या," असं सांगण्यात आलं. विसर्जन शुक्रवारी होतं. अटकेचे कागद मी सकाळीच तयार करायला सांगितले. निवृत्तीच्या तोंडावर अटक म्हणजे निलंबन, पेन्शन लटकलेली आणि जन्मभराच्या नावाला काळं. मला हे सगळं ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी दुपारी मी बंदोबस्ताची पाहणी करून ठाण्यात आलो. लिंबांना घाबरलेला तोच हवालदार भिंतीवर तसबीर टांगत होता. ठाण्यातल्या दत्ताच्या तसबिरीची काच फुटली होती, ती त्याने बाजारातून नवी बसवून आणली होती. मी सहज वर पाहिलं. दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे गायब होते.

"अरे, कुत्रे कुठे गेले?"

"काच लहान होती साहेब. त्यानं खालून छाटून देलं. बसवाले पायजे न."

"छाटलं?"

"हौ. तो फ्रेमवाला तसाच करते. काचेच्या मापानं फोटो बसवते. गावात समद्यांचे फोटो असेच हायेत."

मी उठून तसबीर खाली घेतली. पट्टी धरून ब्लेडने सरळ कापलेली कड. इतके दिवस मी त्या चित्राची कड भिंगातून पाहत होतो, पण वणीत काच फुटली की माणूस कोणाकडे जातो, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

"छाटलेले तुकडे तो काय करतो? फेकतो?"

हवालदाराने कानाला हात लावले. "देवाचे फोटो राह्यते साहेब, पायाखाली कसे टाकन? पोत्यात भरून ठेवते वर्षभर. अन् विसर्जनाच्या दिवशी नदीत सोडते."

"म्हणजे आज?"

"आजच. मी तसबीर आणली तवा पोतं सायकलीवर बांधून राह्यला होता."

निर्गुडा नदीच्या घाटापर्यंत जीपने एरवी पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी रस्ता मिरवणुकांनी भरला होता. ढोल, गुलाल, ट्रॅक्टर. चौकात जीप अडकली तेव्हा मी खाली उतरलो आणि टोपी काखेत मारून चालत सुटलो, नंतर पळतच. हवालदार मागून धापा टाकत येत होता. पावसाळ्यामुळे नदीला भरपूर पाणी होतं. कागदाचं पोतं त्यात पडलं असतं तर शोधायला काहीही उरलं नसतं.

घाटावर एक सायकल उभी होती, कॅरिअर रिकामं. शेजारी पन्नाशीचा एक किरकोळ माणूस हात जोडून नदीकडे तोंड करून उभा होता. हाच तो, अशी हवालदाराने मान हलवली.

"पोतं कुठे आहे?"

खाकी कपडे बघून तो दचकला. "नदीत टाकू नाई देलं जी. नगरपालिकेची पोरं म्हणे कागद पान्यात नाई टाकाचा. त्या ट्रॉलीत टाकून देलं."

निर्माल्याची ट्रॉली हारांनी, दूर्वांनी आणि केळीच्या खांबांनी गच्च भरली होती. आम्ही दोघे वर चढलो. पोतं सापडलं. घाटाच्या पायरीवर सतरंजी अंथरून दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर ते रिकामं केलं. लक्ष्मीच्या कमळाचे देठ निघाले, कॅलेंडरच्या तारखा निघाल्या, कोणाच्या तरी वडिलांच्या फोटोतली धोतराची कड निघाली. बऱ्याच वेळाने दोन बोटं रुंदीची जाड, पांढरी पट्टी हाताला लागली. तिच्यावर पेन्सिलीने १९/७५ लिहिलं होतं आणि शेजारी सही होती.

"हे तं मीच छाटलं," फ्रेमवाला निरागसपणे म्हणाला. "मास्तरनं आणला होता फोटो. टांगता टांगता काच फुटली म्हणे. मले वाटलं कोन्या पोराचे मार्क असन. पंच्याहत्तरपैकी एकोनीस. नापास! म्हणून छाटून टाकलं. काहून साहेब, काही चुकलं का?"

"पण तुकडा देवाच्या पोत्यात कसा?"

"देवाचं कोनतं अन् दुसऱ्याचं कोनतं, निवडत कोन बसन जी? समदं पोत्यातच टाकतो." मग एकाएकी त्याचा चेहरा बदलला. तो माझ्या पायांशी वाकला. "जे विचाराचं थे इथंच विचारा साहेब. घरी नका येऊ. रविवारी पोरीचं साक्षगंध हाय. दारात पोलिसची गाडी दिसली तं पावनेमंडळी परत जातीन."

रविवार. पोरीच्या साखरपुड्याचा दिवस. मी तिथेच पायरीवर बसलो. बाईंच्या पावतीवर मास्तरांनी लिहून दिलं होतं की फ्रेम उघडणार नाही. त्यांच्या हातून काच फुटली, त्यांनी गुपचूप ती बदलून आणली, फ्रेमवाल्याने लहान काचेला फ्रेमही दुसरीच लावली आणि सही छाटलेली पाहून ते हबकले. बाई आल्या की स्वतः सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात चोरीचा ओरडा झाला. आता फ्रेमवाल्याचं नाव घेतलं तर साक्षगंधाच्या तोंडावर ठाणेदार जीप घेऊन कुठे जाणार, हे त्यांना माहीत होतं. कारण ती जीप त्यांच्या स्वतःच्या दारात येऊन गेली होती.

ठाण्यात बाईंना बोलावून पट्टी चित्राला लावली. ब्लेड घसरलेला बाक तंतोतंत बसला. खुर्चीच्या पायाची एक निळी रेघ चित्राबाहेर ओघळली होती, तिचं शेपूट पट्टीवर मिळालं. बाईंनी सहीवरून हळूच बोट फिरवलं. मग भाच्याला म्हणाल्या, "बाहेर जा आणि त्यांची माफी माग."

मी आधीच बाहेर आलो होतो. मास्तर त्याच बाकावर बसले होते. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही त्याच्या घरी तं नाही गेले ना?"

"नाही मास्तर. नदीवर भेटला."

तेव्हा कुठे ते रडले.

फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल कोर्टाला पाठवला आणि प्रकरण मिटलं. बाईंनी पट्टी मास्तरांकडूनच चिकटवून घेतली. रविवारी मी साध्या कपड्यांत, पायी साक्षगंधाला गेलो आणि मास्तरांच्या पंगतीत बसलो. ते माझ्याशी नीटच बोलले. "तुमचं काम होतं," एवढंच म्हणाले. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चौकशीसाठी मी कोणाच्या दारात जीप नेली नाही. चौकात उभी करायचो आणि चालत जायचो. नवीन अधिकारी हसायचे, हसोत. या प्रकरणातून मी जे शिकलो ते एवढंच आहे, आणि ते शिकण्याची किंमत माझ्या खिशातून गेली नाही.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी मास्तरांना भेटायला गेलो. ओसरी झाडलेली होती. शिकवणी सुरू आहे का, असं मी विचारलं. मास्तर हसले, पण उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. चहाचा कप माझ्यासमोर ठेवत त्या म्हणाल्या, "नऊ यायची. आता चार येतात."

नंतर एकदा फोनवर मी पुन्हा विचारलं. तेव्हाही चारच येत होती.