तिसरा खटका

आमच्या पिंपरीच्या कारखान्याच्या गेस्ट हाउसात परदेशी इंजिनिअर उतरायचे. त्यांच्यासाठी ऐंशीनंतर कधीतरी तिथं मायक्रोवेव्ह आला. विस्तव नाही, जाळ नाही, तरी दूध उकळतं, म्हणून सगळे त्याला वचकून असत. आम्ही दोघे टेंपररी वायरमन, मी आणि माझा मित्र. तो रहाटणीत आमच्या शेजारी राहायचा. त्याची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तो माझ्या आईच्या हातचं जेवूनच वाढला. दिवाळीला आमच्यातला एकच जण कायम होणार होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

खंडेनवमीला झाडून सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. गेस्ट हाउसमधल्या यंत्रांची माझ्या मित्रानं केली. हळदकुंकू, हार, अक्षता, काही म्हणून कमी ठेवलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपली आणि मायक्रोवेव्हचं दार उघडलं की फ्यूज उडायला लागला. नवा घातला, तोही उडाला.

मी खोलून बघितलं. दाराला दोन आकडे असतात. दार लागलं की ते चौकटीच्या खाचांत शिरून आतले दोन खटके दाबतात, आणि दोन्ही दाबले तरच वीज पुढं जाते. दार उघडल्यावर खटके सुटायलाच हवेत, नाहीतर उघड्या दारासमोरचा माणूस भाजायचा. म्हणून आत तिसरा खटका असतो. दार उघडं आणि पहिला मात्र दबलेलाच, असं झालं की हा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो आणि सगळं बंद पाडतो. आमच्या पहिल्या खटक्यात ओल्या कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा वाळून घट्ट बसला होता. यंत्र बिचारं इमानानं वागत होतं.

मी आधी मित्राला गाठलं. दाण्याचं सांगितलं. "कुणाला बोलू नगंस भावा," तो म्हणाला. मी कशाला बोलतोय! दाणा काढला, खटका पुसला, दार लावून उघडून पाहिलं.

पण दाणा काढताना पाहुण्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनी तक्रार केलीच. साहेबांनी दोघांनाही बोलावलं. "यंत्राच्या आत तांदूळ कुणी कोंबले?" मी खाली मान घालून उभा राहिलो. वाटलं, आता तो सांगेल.

"साहेब, पूजा यानंच केली," तो म्हणाला. "म्या न्हाई म्हणत हुतो."

राग नंतर आला, आणि अजून गेलेला नाही. शनिवारी मला हिशेब देऊन घरी पाठवलं. आईला मी एवढंच सांगितलं की काम संपलं.

दिवाळीला तो कायम झाला. पेढे घेऊन पहिला आमच्याच घरी आला. आईनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं.

"आता माझ्या पोराचं बी बघ रं कंपनीत," ती म्हणाली. "तुज्याबिगर त्याला हाय कोण?"

"बघतो की काकू," तो म्हणाला, आणि वाकून तिच्या पाया पडला.